गाडी येण्यापुरतं दूध

साळूअक्का माणसांची ओळख म्हशींवरून करून देत. "ही दोन म्हशींची मेहरून," "ही गाभण म्हशीची शोभा," असं. माझी ओळख त्यांनी गावातल्या बायकांना करून दिली ती अशी: "ह्या आपल्या शाळेतल्या नव्या बाई. यांच्याकडं म्हैस न्हाई." शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या हळू आणि इतक्या सहानुभूतीनं म्हटलं, की माझ्या घरात नुकतंच काहीतरी वाईट घडल्यासारखं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी पुण्याच्या पेठेतली. म्हशीशी माझा संबंध सकाळच्या चहापुरता. बदली झाली ती हडपसरच्या पलीकडे, नदीकाठच्या गावात. गाव नुकतंच महापालिकेत आलं होतं. पालिकेचं पाणी अजून यायचं होतं, कर मात्र वेळेवर आला होता. शाळेजवळ भाड्यानं खोली मिळते का बघायला मी अक्कांच्या दारात गेले. त्यांनी भाड्याचं काही काढलंच नाही. मला सरळ गोठ्यात नेऊन उभं केलं आणि माझ्या नाकाकडे बघत राहिल्या. मी रुमाल काढला नाही. खरं म्हणजे तो पिशवीत सापडला नाही. एवढ्यावर खोली मिळाली.

अक्का उंच, काटक. नऊवारी लुगडं कायम वर खोचलेलं. मालक लवकर गेलेले. बोलणं कमी, आणि त्यातलंही निम्मं जनावराशी. आपल्या म्हशीचं नाव त्यांनी कलेक्टरीण ठेवलं होतं, कारण पुष्कळ विनवण्या केल्याशिवाय ती पान्हा सोडत नसे. गावातल्या बायकांची दूध संस्था त्यांनी काढली तेव्हा मी नव्हते. मी आले तेव्हा ती चांगली चालली होती आणि अक्का तिच्या चेअरमन होत्या. देवळामागे पत्र्याची एक खोली होती, तिला सगळे सेंटर म्हणत. उजाडता उजाडता बायका चरव्या घेऊन येत. अक्का उपड्या घातलेल्या रिकाम्या कॅनवर बसलेल्या असत. यंत्रावर फॅट लागायची ती नंतर. आधी प्रत्येक चरवी अक्कांच्या नाकाखालून जाई. वास पटला नाही तर त्या रागावत नसत. चरवीचं झाकण उलटं ठेवून परत देत, बस्स. उलट्या झाकणाची चरवी घेऊन गावातून घरी जायचं ही शिक्षा अशी काही जबर होती, की शोभा एकदा त्यासाठी ओढ्यापलीकडून वळसा घालून घरी गेलेली मी पाहिली आहे.

"जमीन बाप्यांची, म्हैस बायांची," हे अक्कांचं आवडतं वाक्य. पलीकडे खराडीला काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या आणि आमच्याकडची शेतं एकामागून एक जात होती. पैसा आला तो सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांना, म्हणजे पुरुषांना. जीपगाड्या आल्या, गळ्यात साखळ्या आल्या, चौकात वाढदिवसाचे फलक आले. बायकांच्या वाट्याला फार तर एक पैठणी आली आणि तीही नवऱ्याच्या पसंतीच्या रंगाची. स्वतःचं म्हणावं असं त्यांच्याजवळ उरलं ते दावणीचं जनावर आणि दर पंधरवड्याला मिळणारं दुधाचं पेमेंट. त्यातून मुलींच्या फिया जात, माहेरच्या आईला लुगडं जाई, कुणाचा दवाखाना होई, आणि त्यासाठी घरात कुणाची परवानगी काढावी लागत नसे.

हे पैसे ज्या बाईचे तिलाच मिळायचे, असा अक्कांचा दंडक होता. एकदा मेहरूनभाभीला ताप होता म्हणून तिचा नवरा सलीम पेमेंट घ्यायला आला. अक्कांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि स्वतः उठून भाभीच्या घरी गेल्या. पैसे तिच्या उशाशी ठेवले, कपाळाला हात लावून ताप बघितला आणि परत आल्या. सलीम सेंटरवर बसूनच होता. तो बिचारा चिडला नाही. "अक्का, मग मी जाऊ का आता?" एवढंच त्यानं विचारलं.

संस्थेची एक पद्धत मात्र मी आणखी कुठे पाहिली नाही. म्हैस आटली की पुढचं वेत होईपर्यंत त्या घरची चरवी रिकामी. नेमक्या अशाच दिवसांत घरचे पुरुष जनावर विकायला काढत. भाकड म्हशीला फुकट कशाला खायला घालायचं, असं म्हणत. म्हणून अक्कांनी ठरवून दिलं होतं, की जिची म्हैस आटेल तिच्या चरवीत बाकीच्या जणींनी रोज आपल्यातलं एकेक माप घालायचं. याला 'भर' म्हणत. तिची म्हैस व्याली की ती आणखी कुणाला भर घालणार. कुणी कुणाला किती घातलं हे कुणी लिहून ठेवत नसे आणि विचारतही नसे. "रिकामी चरवी दिसली की बाप्या दावं सोडतो," अक्का म्हणत. "मग ती दिसूच द्यायची न्हाई." भरीच्या जिवावर गावातली कितीतरी जनावरं दावणीला राहिली. बायकांच्या हाताला तशी सवयच लागली होती. चरवी कमी दिसली की घालायची भर.

नदीवर जायची पाणंद एका नव्या सोसायटीनं गेट लावून बंद केली, तेव्हाची गोष्ट सांगायलाच हवी. म्हशींना पाण्यावर न्यायची ती एकच वाट होती. पुरुषांनी बैठका घेतल्या, निवेदन दिलं, निवेदन देतानाचा फोटो काढला. अक्का बैठकीला गेल्या नाहीत. एके सकाळी, ऑफिसच्या ऐन वेळेला, सगळ्या बायका आपापली जनावरं घेऊन गेटपाशी गेल्या. म्हशी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग म्हशी जे करतात ते त्यांनी केलं. बसल्या. गेटच्या आत गाड्यांची रांग लागली. टाय लावलेला एक मुलगा खाली उतरून अक्कांना हिंदी-इंग्रजीत बरंच काही बोलला. अक्कांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"दादा, त्या बसल्यात," त्या म्हणाल्या. "उठल्या की जा तुमी."

कधी उठतील, असं त्यानं मराठीत विचारलं.

"त्येंला पाणी दिसलं की."

गेट उघडलं आणि उघडंच राहिलं. बायका हसत हसत म्हशींमागून नदीवर गेल्या, आणि मेहरूनभाभीनं जाता जाता त्या मुलाला गाडी घाण झाल्याबद्दल पदरानं बॉनेट पुसून दिलं. अक्कांना जिंकताना मी पाहिलं ते तेवढंच.

कारण नंतर नदीच राहिली नाही. पाणी काळं झालं, त्यावर फेस यायला लागला, आणि म्हशी काठावर उभ्या राहून माघारी वळायला लागल्या. चारा विकत आणावा लागू लागला, तोही वाघोलीच्या पुढून. नव्या इमारतींमधून शेणाच्या वासाच्या तक्रारी सुरू झाल्या, गोठ्यांवर नोटिसा चिकटल्या. त्या इमारतींत रतीब घालावा म्हटलं तर वॉचमन चरवीवाल्या बाईला लिफ्टपर्यंत जाऊ देत नसे. आणि खरं सांगायचं तर नोटिशीची, वॉचमनची गरजही नव्हती. घरभेदी घरातच होते. गोठ्याच्या जागेत किती खोल्या निघतील आणि खोली म्हशीसारखी आटत कशी नाही, हे अक्कांचा मुलगा विलास मला अगदी तळमळीनं समजावून सांगे. विलास वाईट मुलगा नव्हता. आईच्या आधी कधी जेवायला बसायचा नाही. फक्त गोठ्यात आला की त्याची नजर म्हशीवर न पडता भिंतींवरून फिरायची.

एकेक दावण मोकळी होत गेली. भर घालणाऱ्या थोड्या आणि भर लागणाऱ्या जास्त, असं झालं. मग ज्या संघाला हे दूध जाई तिथल्या साहेबांचा निरोप आला. एवढ्याशा दुधासाठी टँकर गावात वळवणं परवडत नाही. ठरलेले कॅन भरले तर गाडी येईल, नाहीतर येणार नाही. गाडी आली नाही तर उरलेल्या जणींनी दूध घालायचं कुठे? आणि दूध घालायला जागा नाही म्हटल्यावर घरोघरचे पुरुष काय म्हणणार होते, हे प्रत्येक बाईला तोंडपाठ होतं.

अक्का दारोदार फिरल्या. एवढं एक वेत थांबा, म्हणून गयावया केली. जी बाई आयुष्यात कुणाची मिंधी राहिली नव्हती, ती खालच्या आळीत आपल्या मुलाच्या वयाच्या माणसाच्या पाया पडली. मी शेजारी उभी होते. त्याची बायको दारामागे उभी राहून रडत होती. तो लाजून मागे सरकला, अक्का, असं नका करू म्हणाला, आणि आठवड्याच्या आत त्यानं म्हैस विकली. ते कळलं त्या दिवसापासून अक्कांचं जेवण सुटलं. मी ताट घेऊन गेले की म्हणत, ठेवा, कलेक्टरणीला घालते. त्या कॅनवर बसलेल्या असत आणि त्यांची नजर चरवीत आलेल्या दुधावर नसे, चरवी किती रिकामी आहे त्याच्यावर असे. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

आणि मग दूध वाढलं.

एका सकाळी कॅन भरले. दुसऱ्या सकाळीही भरले. गाडी आत वळली, कॅन रिकामे झाले, गाडी गेली. मेहरूनभाभी म्हणाली, पेंड बदलली ती मानवली. शोभा म्हणाली, मेथी घालतेय. आणखी कुणी गुळाचं पाणी पाजत होतं. म्हशीच्या कानावरून तिला बरं वाटतंय की नाही ते ओळखणाऱ्या, नुसत्या वासावरून चरवी परत करणाऱ्या अक्कांनी हे सगळं मान डोलावत ऐकलं आणि खरं धरलं. जे हवंहवंसं असतं ते माणसाला लवकर पटतं, आणि त्या दिवसांत अक्कांना दुसरं काहीच नको होतं. त्या पुन्हा जेवायला लागल्या. मला म्हणाल्या, "बाई, गेलेलं माघारी फिरतंय बघा." त्यांचा तो चेहरा मला अजून दिसतो, आणि तो दिसला की मला काही सुचत नाही.

एके सकाळी गाडीबरोबर संघाचे साहेब आले. तरुण होते, बोलायला मऊ होते. सेंटरच्या दारात उभं राहून त्यांनी सांगितलं, की या संस्थेचं दूध पुन्हा पुन्हा तपासून बघितलं. पाणी नाही, पावडर नाही. पण त्यातलं बरंचसं दूध आधी एकदा तापवून थंड केलेलं आहे. हे दुकानातलं, पाकिटाचं दूध आहे.

अक्का कॅनवरून उठल्या. "माझ्या बाया असलं करत न्हाईत, सायेब. दावणीची आण घेऊन सांगते."

मग मेहरूनभाभीनं हातातली चरवी खाली ठेवली.

"अक्का, मी घालत होते," ती म्हणाली. "गाडी यावी म्हणून. भर घातली."

शोभानं तिच्याकडे चमकून पाहिलं. "तू पण?"

मग एकेक जण बोलली. जवळजवळ सगळ्याच. प्रत्येकीला वाटत होतं की हे आपण एकटीच करतोय, एका पाकिटानं काय होतंय, बाकीच्यांचं दूध तर खरं आहे. गावातल्या दुकानात घेतलं तर बोभाटा होईल म्हणून कुणी बसनं हडपसरला जाई, कुणी नगर रस्त्याला. पाकिटं गवताच्या भाऱ्यातून घरी येत. फॅट कमी लागून संस्थेचं नाव खराब व्हायला नको म्हणून सगळ्यांनी घेतलं होतं ते जाड सायीचं, सगळ्यांत महाग दूध. महाग घ्यायचं आणि संस्थेत स्वस्तात घालायचं. फायद्यासाठी भेसळ करणारे जगात ढिगानं आहेत. पदरचं घालून भेसळ करणाऱ्या बायका मी तेवढ्याच पाहिल्या.

साहेबांनाही ते समजलं असावं. अक्कांना बाजूला घेऊन त्यांनी सुचवलं, की दोन-तीन नावं द्या. त्यांना संस्थेतून काढलं असं कागदावर दाखवतो. संस्था वाचेल.

"नावं दिली तर गाडी येईल?" अक्कांनी विचारलं.

"दूध भरलं तर येईल."

अक्का हसल्या. मोठ्यानं नाही, पण चांगल्या हसल्या. मग त्या बायकांकडे वळल्या. कुणाच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं. सगळ्या शाळेत उभं केलेल्या मुलींसारख्या खाली बघत होत्या.

"पाणी घातलं असतं तर एकेकीला हाकलली असती मी," अक्का म्हणाल्या. "ह्येला काय करू?"

कुणाला विचारलं ते कळलं नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. गाडी त्या दिवशी रिकामी गेली. त्यानंतर ती आली नाही.

मला वाटलं होतं, बायका आता एकमेकींना धरून राहतील. एवढं एकमेकींसाठी केलं होतं त्यांनी. तसं झालं नाही. त्या एकमेकींना टाळू लागल्या. पाण्याला निघालेली शोभा समोरून मेहरूनभाभी दिसली की दुसऱ्या बोळात शिरे. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. इथे नुसती लाज होती, आणि ती कुणी कुणाची मिटवायची? म्हशी न्यायला दारोदार टेम्पो येऊ लागले. शेणखताच्या ढिगाऱ्यात जागोजाग दुधाची पाकिटं निघाली. ती पाहून घरच्या पुरुषांनी बायकांची फार टिंगल केली.

अक्कांनी याबद्दल माझ्यापाशी एकदाच तोंड उघडलं. ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "एकीनं जरी मला सांगितलं असतं, बाई."

मी म्हटलं, "सांगितलं असतं तर काय केलं असतंत, अक्का?"

"आपलं संपलंय, ते तवाच कळलं असतं. त्येंचा पैसा तरी वाचला असता."

कलेक्टरणीसाठी विलासनं चांगलं गिऱ्हाईक बघितलं. खाटकाला दिली नाही. शिरूरकडच्या एका घरी दिली. त्यानं आईला तसं सांगितलंही. टेम्पो आला तेव्हा अक्का आत बसून राहिल्या. म्हैस फळीवर पाय ठेवेना. दोघांनी ओढलं, एकानं मागून रेटलं, शिव्या दिल्या. शेवटी अक्का बाहेर आल्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलल्या, पुष्कळ वेळ बोलल्या. ती चढली. अक्का वळून घरात गेल्या आणि मी हाक मारली ती त्यांना ऐकू गेली नाही.

पुढे माझी बदली झाली आणि मी पुन्हा पेठेत आले. मधे काही वर्षं गेली. त्या बाजूला एका लग्नाला जायचं झालं तेव्हा वाट वाकडी करून अक्कांकडे गेले. घराच्या आणि गोठ्याच्या जागेवर इमारत उभी होती. गॅलरीगॅलरीतून ऑफिसला जाणाऱ्या मुलामुलींचे कपडे वाळत होते. अक्का सगळ्यांत वरच्या मजल्यावर, खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. पातळ चांगलं होतं, तब्येत चांगली होती, पायांत मऊ चपला होत्या. विलासनं आईचं काही कमी केलं नव्हतं. मला बघून त्यांना आनंद झाला, पण बोलणं पुढे सरकेना. मेहरूनभाभी मुलीकडे राहायला गेली, असं त्यांनी सांगितलं. शोभाचं विचारलं तर म्हणाल्या, हाय इथंच, खाली दुसऱ्या गल्लीत. मग लगेच, "पण भेट न्हाई." सुनेनं आणलेला चहा झाला. सून पुन्हा आत गेली.

मी उठले तशा अक्काही उठल्या. बाईमाणूस आपल्या दारातून जाताना तिच्या हातावर काहीतरी ठेवायचं, ही त्यांची पूर्वीपासूनची रीत. त्यांनी कपाटाचं दार उघडलं, आत बघितलं, लावलं. उशी उचलून बघितली. मी म्हटलं, अक्का, राहू द्या, मी काय पाहुणी आहे का? त्यांनी ऐकलं नाही. पलीकडच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"विलास, बाई निघाल्यात. त्येंच्या हातावर काय तरी ठेवायचंय. दे की जरा."

विलास फोनवर बोलत होता. कुणा भाडेकरूचं खोली सोडण्याचं काहीतरी चाललं होतं. त्यानं आईकडे पाहिलं, चांगल्या मनानं मान हलवली आणि देतो, थांब, अशी हातानंच खूण केली. अक्का दारात थांबल्या. बोलणं चाललंच होतं.

मी चपला घालायला लागले. अक्कांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं.

"जाऊ नका, बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "देईल आता तो."

मी थांबले. त्याचं बोलणं संपायची वाट बघत आम्ही दोघी उभ्या राहिलो.